टाच शोधा, सांगाडा ओळखा

सांगाडा म्हटला की शाळेच्या प्रयोगशाळेत कोपऱ्यात टांगलेला पांढरा पुतळा आणि त्यावर चिकटवलेल्या नावांच्या चिठ्ठ्या बहुतेक मुलांच्या डोळ्यांसमोर येतात. चिठ्ठ्यांपासून सुरुवात केली तर नावे पाठ होतात, पण सांगाडा काम कसा करतो हे काही कळत नाही. म्हणून येथे उलटी वाट धरली आहे. आधी स्वतःच्या अंगावरची हाडे हाताने चाचपायची, मग तीच हाडे कोंबडीत, बोकडात, बैलात आणि वटवाघळात कुठे गेली ते शोधायचे, आणि शेवटी ज्यांच्या अंगात एकही हाड नाही अशा खेकड्याला किंवा गांडुळाला आधार कशाचा असतो ते पाहायचे. पाठ करण्यासारखा प्रश्न एकच आहे आणि तो प्रत्येक प्राण्यासमोर उभे राहून विचारायचा: याची टाच कुठे आहे?

यासाठी कागद, रंगीत पेन्सिली, झाकणाची एक काचेची बरणी आणि व्हिनेगरची बाटली एवढे साहित्य पुरते. घरात मांसाहार होत असेल तर जेवणातली उरलेली हाडे धुऊन ठेवावीत. होत नसेल तर कपाटात पडलेला एखादा जुना एक्स-रे, गोठ्यातले जनावर आणि गल्लीत झोपलेले कुत्रे यांच्यावरही बरेच काम भागते. कुत्र्याला मात्र लांबूनच न्याहाळावे.

आधी स्वतःचे अंग

दोन्ही हातांची बोटे कानांच्या पुढे ठेवून तोंड उघडा आणि मिटा. बोटांखाली जे सरकते ते खालच्या जबड्याचे टोक होय. कवटीच्या २२ हाडांपैकी हलणारे हाड एवढे एकच. बाकीची एकमेकांत घट्ट बसलेली असतात, कारण मेंदू आणि डोळे जपणे हे त्यांचे मुख्य काम आहे. घरात तान्हे बाळ असेल तर त्याच्या डोक्यावरची टाळू पाहावी, दाबू मात्र नये. तेथे कवटीची हाडे अजून भिडलेली नसतात आणि ती जागा साधारण दीड वर्षाच्या सुमारास भरून येते.

आता मान पुढे झुकवा. मानेच्या तळाशी बोटाला जो ठसठशीत उंचवटा लागतो तो बहुधा मानेचा सातवा मणका असतो. हा सात आकडा लक्षात ठेवा, पुढे जिराफापाशी तो लागणार आहे. तेथून खाली छातीचे १२ आणि कमरेचे ५ मणके येतात. त्यांच्याखालचे ५ मणके वाढत्या वयात जुळून त्यांचे एकच हाड होते आणि अगदी शेवटच्या, बहुधा ४, मणक्यांचे माकडहाड होते. सुट्या मणक्यांच्या मध्ये कूर्चेच्या, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचिक अशा पदार्थाच्या, चकत्या असतात. दिवसभराच्या उभे राहण्याने आणि चालण्याने त्या दबतात, म्हणून सकाळी उठल्याबरोबर भिंतीला टेकून मोजलेली उंची रात्री मोजलेल्या उंचीपेक्षा साधारण एक सेंटिमीटर जास्त भरते. हा प्रयोग फुकटचा आहे आणि मोजणाऱ्याने डोक्यावर पट्टी आडवी, सपाट धरली तर सहसा फसत नाही.

बरगड्यांच्या १२ जोड्या असतात. त्यांपैकी वरच्या ७ छातीच्या मधल्या हाडाला स्वतंत्रपणे जोडलेल्या असतात, पुढच्या ३ आपल्या वरच्या बरगडीचा आधार घेतात आणि शेवटच्या २ पुढून मोकळ्याच राहतात.

हाताचा पुढचा भाग, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतचा, सावकाश तपासण्यासारखा आहे. हात टेबलावर तळवा वर करून ठेवा. कोपराच्या टोकापासून करंगळीच्या बाजूने मनगटापर्यंत दुसऱ्या हाताचे बोट फिरवले तर एक हाड सलग लागते. अंगठ्याच्या बाजूला दुसरे हाड असते. आता कोपर न हलवता तळवा पालथा करा आणि करंगळीच्या बाजूच्या हाडावर बोट तसेच ठेवा. ते हाड जवळजवळ जागेवरच राहते आणि अंगठ्याच्या बाजूचे हाड त्याच्यावरून फिरून पलीकडे जाते. म्हणजे तळवा पालथा असताना ही दोन्ही हाडे एकमेकांवर तिरकी पडलेली असतात. कुलपात किल्ली फिरवणे आणि तव्यावरची पोळी उलटणे या दोन्ही गोष्टी याच फिरण्यावर चालतात. बोकडाच्या पुढच्या पायात ही दोन हाडे एकमेकांना जुळलेली असतात, त्यामुळे त्याला खूर असा फिरवता येत नाही. धावताना पाय मुरगळू नये यासाठी मात्र ते जुळणे त्याच्या फायद्याचे आहे.

प्रत्येक हातात २७ आणि प्रत्येक पायात २६ हाडे असतात. चारही मिळून १०६ होतात, म्हणजे प्रौढ माणसाच्या २०६ हाडांपैकी निम्म्याहून अधिक हाडे हातापायांच्या टोकांनाच आहेत. इतकी हाडे असूनही बोटांमध्ये त्यांना हलवणारा स्नायू नसतो. बोटे मुख्यतः कोपराखालच्या हातातल्या स्नायूंकडून लांब कंडरांनी ओढली जातात, आणि कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी चिवट, पांढरी पट्टी. हात टेबलावर पालथा ठेवून मधले बोट आत दुमडा आणि बाकीची बोटे एकेक करून उचलून पाहा. अंगठा, तर्जनी आणि करंगळी उचलली जातात, पण अनामिका अडते, कारण मधले बोट आणि अनामिका सरळ करणाऱ्या कंडरा हाताच्या पाठीवर एकमेकींशी बांधलेल्या असतात. यातून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. स्नायू फक्त ओढू शकतो, तो ढकलू शकत नाही. म्हणून प्रत्येक सांध्यावर किमान दोन विरुद्ध बाजूंचे स्नायू लागतात: दंडाच्या पुढच्या बाजूचा स्नायू आखडला की कोपर मिटते आणि मागच्या बाजूचा आखडला की ते उघडते. हाड नसते तर या ओढण्याला धरायला जागाच नसती आणि आखडणाऱ्या स्नायूने हात नुसता चुरगळला असता.

सांध्यांची नावे पाठ्यपुस्तकात असतात, त्यांत फार वेळ घालवू नये. गुडघा आणि कोपर बिजागरीचे सांधे, खांदा आणि खुबा उखळीचे सांधे, इतके पुरे. पाय मात्र नीट पाहा. गुडघ्याची वाटी पाय सरळ व सैल सोडल्यावर बोटांनी थोडी इकडेतिकडे सरकते. तिच्याखाली नडगीचे हाड कातडीला लागूनच आहे, म्हणून पलंगाच्या कडेला नडगी आपटली की डोळ्यांत पाणी येते. घोट्याच्या दोन बाजूंना जे उंचवटे दिसतात ती वास्तविक नडगीच्या हाडाची आणि त्याच्या शेजारच्या बारीक हाडाची खालची टोके असतात. त्याच्या मागे, खाली, पावलातले सर्वांत मोठे हाड म्हणजे टाच, आणि तिला वरून पोटरीच्या स्नायूंनी जाड कंडरेने धरलेले असते. चवड्यांवर उभे राहा: पोटरी कडक होते, कंडरा ताणली जाते आणि टाच हवेत जाते. बऱ्याच प्राण्यांचे सारे आयुष्य याच अवस्थेत जाते.

हाड कशाचे असते, ते व्हिनेगरला विचारा

कोंबडीच्या तंगडीचे किंवा पंखाचे हाड घेऊन त्यावरचे मांस काढून टाका, हाड धुऊन वाळवा आणि ते वाकवण्याचा हलका प्रयत्न करा. ते वाकत नाही. मग ते बरणीत ठेवून पूर्ण बुडेल एवढे व्हिनेगर ओता आणि झाकण सैल ठेवा, कारण आत वायू तयार होतो. थोड्या वेळाने हाडावर बारीक बुडबुडे दिसू लागतात. हाडातल्या कार्बोनेटवर आम्लाची क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्याचे ते बुडबुडे. दर दोन दिवसांनी व्हिनेगर बदला. पंखाचे हाड चार-पाच दिवसांत आणि तंगडीचे आठवड्याभरात किंवा त्याहून थोड्या उशिराने इतके मऊ होते की ते वाकवता येते.

जे विरघळून गेले ते कॅल्शियम आणि फॉस्फरसयुक्त खनिज होते, आणि जे उरले ते कोलॅजेन नावाचे प्रथिन आहे. हाडाच्या वजनात खनिजाचा वाटा साधारण दोन तृतीयांश असतो. खनिजामुळे हाड दाबाला टिकते आणि कोलॅजेनमुळे ते ताणाला व धक्क्याला टिकते. नुसते खनिज असते तर उडी मारल्यावर हाडाचे तुकडे झाले असते, आणि नुसते कोलॅजेन असते तर आपण उभेच राहिलो नसतो. शरीरातले सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असते. रक्तातले कॅल्शियम कमी पडले तर शरीर हृदयाला आणि स्नायूंना लागणारे कॅल्शियम हाडांतून काढून घेते, म्हणून वाढत्या वयात दूध, नाचणी, तीळ आणि उन्हातून मिळणारे ड जीवनसत्त्व यांचा आग्रह धरला जातो.

प्रयोग करण्यापूर्वी त्याच तंगडीच्या हाडाची टोके पाहून ठेवावीत. बाजारात मिळणारी ब्रॉयलर कोंबडी अवघी पाच-सहा आठवड्यांची असते, त्यामुळे तिच्या हाडांची टोके अजून कूर्चेची असतात आणि ती दातांनी सहज चावली जातात. वर्ष-दोन वर्षांच्या गावरान कोंबडीची टोके टणक झालेली असतात. तुमच्या हाडांचेही असेच आहे. नवजात बाळाच्या शरीरात २७० ते ३०० च्या दरम्यान हाडे असतात आणि त्यांतली कित्येक पुढे एकमेकांना जुळतात. घरात एखाद्या मुलाच्या हाताचा एक्स-रे असेल तर तो खिडकीच्या उजेडावर धरा. बोटांच्या हाडांच्या टोकाशी काळपट फट दिसते. तेथे काही मोडलेले नसून ती वाढीची कूर्चा आहे आणि हाड तेथूनच लांब होते. कूर्चेतून क्ष-किरण सहज पार जातात, म्हणून ती जागा रिकामी दिसते. मनगटातली ८ छोटी हाडे जन्मतः सगळीच कूर्चेची असतात आणि वय वाढते तशी एकामागून एक टणक होत जातात, म्हणून डॉक्टरांना मनगटाच्या एक्स-रेवरून मुलाच्या हाडांच्या वयाचा अंदाज बांधता येतो. पहिल्या एक्स-रे चित्रांपैकी एक हाताचेच होते. विल्हेल्म रॉन्टगेन यांनी १८९५ च्या डिसेंबरमध्ये आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले, आणि त्यात हाडांबरोबर तिच्या बोटातली अंगठीही उमटली.

हाड मोडले तर प्लास्टर ते जोडते, असा मुलांचा (आणि बऱ्याच मोठ्यांचाही) समज असतो. प्लास्टर फक्त हाडाचे तुकडे जागेवर धरून ठेवते. मोडलेल्या जागी आधी रक्त साकळते, मग तेथे मऊ कूर्चा आणि त्यानंतर टणक हाड तयार होते, आणि पुढे कित्येक महिने जादा हाड झिजवून जुना आकार परत आणण्याचे काम चालू राहते. बांधणाऱ्या आणि झिजवणाऱ्या अशा दोन प्रकारच्या पेशी न मोडलेल्या हाडातही आयुष्यभर काम करीत असतात. मटणातली नळी फोडली की आत जो गर मिळतो तो अस्थिमज्जा होय. रक्तातल्या पेशी तांबड्या मज्जेत तयार होतात. टांगलेला पांढरा पुतळा पाहून हे काहीच कळत नाही, हे त्याचे मोठे वैगुण्य आहे.

आता दुसऱ्यांच्या टाचा

कागदावर आपल्या पायाची बाजूने दिसणारी आकृती काढून मांडीचे हाड निळ्या, नडगीचे हिरव्या, टाचेचे लाल, तळव्याची हाडे पिवळ्या आणि बोटांची जांभळ्या रंगाने रंगवा. यापुढे प्रत्येक प्राण्याच्या मागच्या पायाला हेच पाच रंग वापरायचे आहेत.

पहिला नंबर कुत्र्याचा. त्याचा मागचा पाय पाहून बहुतेक जण म्हणतात की त्याचा गुडघा उलटा, मागच्या बाजूला वळलेला आहे. खरा गुडघा वर, पोटाजवळ असतो आणि तो आपल्यासारखाच पुढे वळतो. मागे टोक काढून दिसणारा सांधा ही टाच आहे. कुत्रा सारखा चवड्यांवर उभा आहे असे समजले की रंग आपोआप जागेवर बसतात, फक्त लाल रंग जमिनीपासून बराच वर येतो.

बैलाचा लाल रंग आणखी वर जातो. बैलपोळ्याच्या दिवशी बैल धुताना, रंगवताना मालकाच्या परवानगीने त्याचा पाय जवळून पाहता येतो. बैल आपल्या तिसऱ्या आणि चौथ्या बोटांच्या टोकांवर उभा असतो आणि खूर म्हणजे त्या बोटांची नखे. पुढच्या पायात ज्याला आपण गुडघा म्हणतो ते त्याचे मनगट असते. त्याच दिवशी शिंगेही पाहून घ्यावीत: बैलाच्या शिंगाच्या आत कवटीतून निघालेले हाड असते आणि बाहेरचे आवरण आपल्या नखांत असते त्याच केराटिनचे. सांबराची आणि चितळाची शिंगे मात्र सगळीच हाडाची असतात आणि ती गळून पुन्हा नवी येतात, बैलाची येत नाहीत.

बोकडाचे पाय शिजवून सूप करतात, त्यातले लांब हाड हातात मिळाले तर ते टाकू नये. ते तळपायाचे, म्हणजे आपल्या आकृतीतल्या पिवळ्या रंगाचे हाड आहे. त्याच्या समोरच्या बाजूवर मधोमध एक उभी खाच नखाला लागते आणि खालच्या टोकाला ते दोन भागांत फुटलेले असते, कारण ते मुळात दोन बोटांची दोन हाडे जुळून बनलेले आहे. घोड्याने याही पुढे जाऊन प्रत्येक पायाला एकच बोट राखले. शेजारच्या दोन बोटांच्या तळव्यातल्या हाडांच्या बारीक काड्या तेवढ्या बाजूला उरल्या आहेत. बोकड, बैल, घोडा यांना खांद्याजवळचे आडवे हाड, जत्रुकास्थी, नसते. त्यांचे पुढचे पाय धडाला फक्त स्नायूंनी बांधलेले असतात, त्यामुळे धावताना बसणारा धक्का हाडावरून हाडावर जात नाही.

हत्तीचा पाय वरून सपाट दिसतो, पण आत तोही बोटांवरच उभा असतो आणि टाचेखाली चरबीची जाड गादी असते. त्याच्या पायांची हाडे मात्र सरळ उभी व जाडजूड असतात, आणि त्याचे कारण गणितात आहे. एखादा प्राणी सर्व बाजूंनी दुप्पट मोठा केला तर त्याचे वजन आठपट होते, पण हाडाची जाडी ज्या छेदात मोजायची तो छेद चारपटच होतो. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर पडणारा भार दुप्पट होतो. गॅलिलिओने १६३८ मध्ये हा मुद्दा लहान आणि मोठ्या प्राण्यांच्या हाडांची चित्रे शेजारी शेजारी काढून मांडला होता. उंदराच्या आकाराचा हत्ती चालू शकेल, पण हत्तीच्या आकाराचा उंदीर आपल्या काटकुळ्या पायांवर उभाही राहणार नाही.

कोंबडीत टाच शोधताना सगळे फसतात. जेवणाच्या ताटातली तंगडी ही नडगी आहे. जाड हाडाला चिकटून सुईएवढे जे बारीक हाड निघते ते आपल्या नडगीशेजारच्या बारीक हाडाचे उरलेले रूप. त्याच्याखालचा खवल्यांचा पिवळा पाय, ज्याला सगळे नडगी समजतात, तो तळव्याची हाडे जुळून बनलेला आहे आणि टाच त्याच्या वरच्या टोकाला आहे. दुकानातून कोंबडीचा पाय आणता आला तर मोठ्या माणसाकडून वरच्या कापलेल्या टोकाशी पांढऱ्या कंडरा मोकळ्या करून घ्या आणि मागच्या बाजूची एखादी चिमट्याने ओढा. बोटे आत मिटतात. तुमच्या हाताच्या बोटांत जे होते तेच येथे डोळ्यांना दिसते. छातीच्या हाडावर मधोमध जो उभा पातळ कणा आहे त्याला उडण्याचे स्नायू धरलेले असतात आणि गळ्याजवळचे फाट्याच्या आकाराचे हाड म्हणजे दोन्ही जत्रुकास्थी एकत्र आलेल्या असतात.

पंख आणि हात यांची जोडीही अशीच लावावी. पंखात दंडाचे एक हाड, त्यापुढे दोन हाडे आणि मग जुळलेली थोडी बोटे निघतात. वटवाघळात अंगठा मोकळा राहतो आणि बाकीची चार बोटे लांबच लांब होऊन त्यांच्यामध्ये कातडी ताणलेली असते. कोकण किनाऱ्यावर अधूनमधून मेलेला देवमासा येऊन लागतो. त्याच्या वल्ह्याच्या आतही दंड, पुढची दोन हाडे, मनगट आणि बोटे सापडतात. माणसाचा आणि पक्ष्याचा सांगाडा शेजारी ठेवून सारखी हाडे दाखवणारे चित्र फ्रान्सच्या प्येर बलाँ याने १५५५ मध्येच छापले होते, पण ही हाडे सारखी का, याचे उत्तर पुढे तीनशे वर्षांनी, समान पूर्वजांपासून हे प्राणी निघाले या विचारातून मिळाले.

जिराफाच्या मानेत किती मणके असतील, हा प्रश्न वर्गात विचारला तर उत्तरे शंभरापर्यंत जातात. मणके सातच असतात, तुमच्याइतकेच, फक्त एकेक मणका पंचवीस सेंटिमीटरच्या आसपास लांब असतो. उंदराच्या आणि देवमाशाच्या मानेतही सातच. सस्तन प्राण्यांत हा नियम मोडणारे मोजकेच आहेत, त्यांत झाडाला उलटा लटकणारा स्लॉथ आणि पाण्यात राहणारा मॅनाटी येतात. सापाने नेमके उलट केले: मणक्यांची संख्या वाढवत २०० ते ४०० पर्यंत नेली, जवळजवळ प्रत्येक धडाच्या मणक्याला बरगड्यांची जोडी ठेवली आणि पाय टाकून दिले. अजगराच्या शेपटीच्या सुरुवातीला दोन बारीक नख्या अजून दिसतात, त्या पायांच्याच खुणा. कासवाचे कवच त्याच्या बरगड्या आणि मणके रुंद होऊन बनते, म्हणून कासव कवचातून बाहेर येऊ शकत नाही. चित्रकथांत ते येते, तो चित्रकाराचा दोष.

माशांत टाच नाही. पापलेट किंवा बांगडा खाताना मधला काटा सावकाश उचलला तर पाठीचा कणा सलग हाती येतो. मुशीत, म्हणजे शार्क माशात, मात्र हाडाचा काटा मिळत नाही, तिचा सगळा सांगाडा कूर्चेचा असतो. पाणी शरीराचा बराच भार तोलून धरते, म्हणून तेवढ्यावर भागते.

ज्यांचा सांगाडा बाहेर असतो

खेकड्याच्या कवचात कायटिन नावाचा चिवट पदार्थ आणि कॅल्शियम कार्बोनेट असते. स्नायू या कवचाला आतून धरलेले असतात. शिजवलेल्या खेकड्याची नांगी फोडताना आत मांसात एक पातळ, चपटी, अर्धपारदर्शक पाती लागते. तिचे टोक धरून ओढले तर नांगीचे हलणारे बोट मिटते. कोंबडीच्या पायात कंडरा ओढली तेव्हा जे झाले तेच येथे झाले; फरक इतकाच की कोंबडीत स्नायू हाडाच्या बाहेर आहे आणि येथे कवचाच्या आत.

कवच वाढत नाही, ही त्याची अडचण आहे. म्हणून खेकडा अधूनमधून जुने कवच मागच्या बाजूने फोडून त्यातून उलटा बाहेर येतो, पाणी शोषून फुगतो आणि नवे मऊ कवच टणक होईपर्यंत लपून बसतो. स्वयंपाकघरात कधी पांढरेफटक झुरळ दिसले तर ती वेगळी जात नव्हे. नुकतीच कात टाकलेले ते नेहमीचेच झुरळ असते आणि काही तासांत तपकिरी होते. जमिनीवर असा प्राणी फार मोठा होऊ शकत नाही, कारण आकार वाढला की कवचाचा भार वाढतो आणि कात टाकल्यावर मऊ शरीर स्वतःच्याच वजनाने बसते. जमिनीवर राहणाऱ्या संधिपाद, म्हणजे खेकडे, कीटक, कोळी अशा सांधेदार पायांच्या, प्राण्यांत सर्वांत मोठा म्हणजे नारळी खेकडा. तो आपल्याकडे निकोबार बेटांवर आढळतो आणि त्याचे वजन सुमारे चार किलोपर्यंत जाते. समुद्रातला जपानी कोळी-खेकडा पाय पसरून साडेतीन मीटरपर्यंत भरतो, पण त्याचा भार पाण्यावर असतो.

गोगलगाय कवच टाकत नाही, ती त्याच्या तोंडाच्या कडेला नवी भर घालत जाते. गांडुळाला कवच नाही आणि हाडही नाही. पाण्याने गच्च भरलेल्या फुग्यासारखे त्याचे शरीर आतल्या द्रवाच्या दाबावर ताठ राहते, आणि आडवे स्नायू आखडले की ते लांब होते, उभे आखडले की आखूड व जाड होते. कोळ्याने दोन्ही युक्त्या वापरल्या आहेत: त्याचे पाय मिटतात स्नायूंनी, पण त्यांतले महत्त्वाचे सांधे उघडतात ते द्रवाच्या दाबाने. म्हणूनच मेलेल्या कोळ्याचे सगळे पाय आत वळलेले दिसतात.

सापडलेले हाड कसे वाचावे

शेतात, नदीकाठी किंवा समुद्रावर हाडे सापडतात. उचलण्यापूर्वी दोन गोष्टी पाळाव्यात. ताजे, वास येणारे हाड उघड्या हाताने धरू नये आणि कोणत्याही हाडाला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. जंगलातले हाड, शिंग किंवा कवच घरी आणू नये. संरक्षित वन्यप्राण्यांचे अवशेष परवानगीशिवाय बाळगण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे.

कोकणच्या वाळूत पांढरी, हलकी, लांबट वडी सापडली तर ती समुद्रफेस, म्हणजे माकुळ या मऊ अंगाच्या समुद्री प्राण्याच्या शरीरातले कवच, असण्याची शक्यता मोठी. तो नखाने खरवडला जातो, पाण्यावर तरंगतो, कारण त्याच्या थरांत पोकळ्या असतात, आणि व्हिनेगरमध्ये टाकला तर जोरात फसफसतो. खऱ्या हाडाचे बुडबुडे याच्यापुढे फारच मंद असतात, तेवढ्यावरून फरक कळतो.

जबडा सापडला तर दात पाहावेत. बैलाच्या आणि बोकडाच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात आणि दाढा सपाट व वळ्यावळ्यांच्या असतात. कुत्र्याचे सुळे लांब आणि दाढा धारदार असतात. लांब हाड हातात आल्यास त्याचे वजन आणि भिंतीची जाडी पाहावी, कारण पक्ष्यांची हाडे पातळ भिंतीची असतात आणि त्यांतली काही आतून हवेने भरलेली. हाडाची टोके सुटून आलेली असतील आणि तेथला पृष्ठभाग खडबडीत असेल, तर वाढीची कूर्चा अजून भरलेली नव्हती, म्हणजे ते पिल्लू होते.

माणसांच्या बाबतीतही अभ्यासक याच खुणा वापरतात. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी, इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी तेथे शेतकऱ्यांची वस्ती होती आणि घरांच्या जमिनीखाली लहान मुलांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत पुरलेले आढळले. त्या मुलांची नावे किंवा भाषा आपल्याला ठाऊक नाही, पण दात किती उगवले होते आणि हाडे किती वाढली होती यावरून त्यांच्या वयाचा अंदाज बांधता येतो. माणसाचे हाड वाटावे असे काही आढळले तर त्याला हात न लावता घरच्या मोठ्यांना सांगावे, म्हणजे ते पोलिसांना कळवतील.

प्राण्याचे हाड ओळखता आले नाही तर त्याची समोरून, मागून आणि दोन्ही टोकांकडून चित्रे काढावीत, शेजारी पट्टी ठेवून लांबी लिहावी, कोठे सापडले ते नोंदवावे आणि हाड जागेवर ठेवून यावे. घरी आल्यावर ते पाच रंगांच्या आकृतीशी ताडून पाहताना आधी ते पायाचे आहे की हाताचे हे ठरवावे, मग त्याचे वरचे टोक कोणते आणि ते कोणत्या सांध्यात बसत असेल हे आपल्या अंगावर हात फिरवून शोधावे. प्राण्याचे नाव सर्वांत शेवटी ठरवावे.